वेनेताचा मंगळवार

स्लिवेन शहरातल्या कापड गिरणीत वेनेताने उभा जन्म मागावर काढला. मागांच्या खडखडाटाने डावा कान गेला, मग गिरणीच बंद पडली. नवरा आधीच गेला होता. मुलगी स्पेनला जाऊन तिथलीच झाली. वेनेताला उठायचं काही कारणच उरलं नाही. दुपार झाली तरी ती गाऊनमध्येच खिडकीशी बसून असायची.

वरच्या मजल्यावरची त्सोंका एकदा मिरच्या मागायला आली आणि दारातच कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काय गं, गाऊन अंगालाच शिवून टाकलाय की काय? चल, बूट घाल. आज मंगळवार, होरो नाचाचा वर्ग आहे."

"मला नीट ऐकू येत नाही, नाचू कशी?"

"नाचायला पाय लागतात, बाई!"

वाचनालयाच्या सभागृहात मंडळी हातात हात धरून गोल नाचत होती. शिकवणारे देल्चो जुने नर्तक, जिभेने तिखट. पहिल्याच फेरीत वेनेताने शेजारच्या आसेनचा पाय असा तुडवला, की तो कळवळला. ती ओशाळून बाजूला झाली.

"कुठे निघालात?" देल्चो ओरडले. "आसेनला दुसरा पाय आहे अजून!"

सगळे खदखदून हसले. मग जवळ येऊन ते हळू म्हणाले, "कानाचं सोडा. दोन्हीकडचे हात घट्ट धरा. ताल हातांतून येतो."

आणि खरंच आला. दोन आखूड, एक लांब. त्सोंकाच्या हाताचा झोका तिच्या खांद्यात उतरला आणि पाय आपोआप उचलला गेला.

तेव्हापासून तिचे दिवस बदलले. सकाळी कॉफी चुलीवर ठेवायची आणि तिला उकळी येईपर्यंत ओट्याला धरून पावलं घोटायची. मग बाजार, मग टेकडीपर्यंत चालणं. गुडघे कुरकुरले तरी चालणं चुकवायची नाही. मंगळवार, गुरुवार हे वर्गाचे दिवस तर सणच. आदल्या रात्रीच ब्लाउजला इस्त्री.

जानेवारीत सभागृह गरम ठेवणारी शेगडी बिघडली. माणसं गळायला लागली. देल्चोंनीही हात टेकले, "मार्चपर्यंत बंद ठेवू."

वेनेताला पुन्हा घरी बसायचं नव्हतं. तिने पहाटे उठून बानित्सा, म्हणजे चीज भरलेली पापुद्र्यांची पाई, भाजली आणि गरम ट्रे टॉवेलात गुंडाळून घरोघर फिरली.

"आसेन, थंडी वाजते ना?"

"वाजते तर!"

"मग घरात काय कुडकुडतोस? तिथे येऊन नाच. आणि हे खायचं असेल तर तिथेच मिळेल."

त्या संध्याकाळी मंडळी कोट-टोप्यांसकट नाचली. तोंडातून वाफा निघत होत्या, देल्चो शिव्या घालत होते, आणि तिसऱ्या नाचाला कोटांचा ढीग कोपऱ्यात पडला. वर्ग एकही दिवस बुडला नाही.

वसंतात नवी माणसं आली. देल्चो म्हणाले, "यांना तुम्ही घ्या, वेनेता. माझा आवाज बसतो, आणि तुमच्याइतका धीर माझ्यात नाही."

"मी? अहो, मी काय शिकवणार?"

"जे रोज करता तेच."

त्या रात्री तिला धड झोप लागली नाही. तरी पुढच्या मंगळवारी ती सगळ्यांच्या आधी पोचली, खिडक्या उघडल्या, फरशी पुसून काढली आणि दारात उभी राहून येणाऱ्या एकेका नव्या माणसाचं नाव विचारू लागली.