शून्य पत्रं सापडली

वाइलनबाख गावात शिवी दिली नाही म्हणजे कौतुक झालं, असं समजतात. त्या हिशेबानं इर्मेला हाउगचं दोन वर्षं भरपूर कौतुक चाललं होतं. रेश पत्रसंग्रहाचं संकेतस्थळ तिनं एकटीनं उभं केलं होतं आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नव्हतं.

गोटलोब रेश हा अडीचशे वर्षांपूर्वी गावात होऊन गेलेला ऑर्गन बांधणारा. आसपासच्या निम्म्या चर्चमध्ये अजून त्याचेच ऑर्गन वाजतात. त्यानं लिहिलेली चारशे बारा पत्रं संग्रहाकडे होती. मूळ कागद कसर लागू नये म्हणून दूरच्या एका शहरातल्या थंडगार तळघरात ठेवलेले, आणि मजकूर इर्मेलाच्या एक्सएमएल डेटाबेसमध्ये. फडताळातल्या डब्यांवर चिठ्ठ्या लावाव्यात तशा पत्रातल्या एकेका गोष्टीवर खुणा केलेल्या असत: हे माणसाचं नाव, हे गाव, ही तारीख. शब्द टाकला की वेब सर्व्हिस तो असलेली पत्रं तारखेनुसार लावून पुढ्यात ठेवी. सगळ्या पत्रांची यादी मात्र कुठेच नव्हती. संचालक प्रोफेसर ओटमार ब्रेंडले यांच्या मते यादी हे मागासलेपणाचं लक्षण होतं. पत्र हवं तर शोधा.

उद्घाटनाच्या दिवशी राजधानीहून आलेल्या पाहुण्या बाईंनी मोठ्या हौसेनं पहिला शब्द टाकला, 'भाता'. ऑर्गनला वारा देतो तो भाता. पडदा लालभडक झाला आणि त्यावर चार ओळी अगम्य इंग्रजी उमटलं. बाई कॉफी प्यायला निघून गेल्या. प्रोफेसरांनी इर्मेलाला खांबाआड नेलं आणि सांगितलं, "फ्राऊ हाउग, आमची संस्था चुका करत नाही. निदान पडद्यावर तरी नाही."

इर्मेलानं त्याच संध्याकाळी सर्व्हिसला शिकवून ठेवलं की आत काहीही बिनसलं तरी बोंब मारायची नाही, शांतपणे 'शून्य पत्रं सापडली' एवढंच म्हणायचं. खरी चूक आतल्या एका नोंदवहीत लिहून ठेवायची, म्हणजे नंतर सवडीनं पाहता येईल. हे पांघरूण आहे, इलाज नव्हे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण सवड काही मिळाली नाही. ज्या गावात दर आठवड्याला जिना झाडायच्या पाळीची पाटी दारावर टांगलेली असते, तिथे वाढलेल्या मुलीनं केर गालिच्याखाली लोटला आणि वर खुर्ची टाकून बसली, असं म्हणायला हरकत नाही.

मंगळवार-गुरुवार सायकलवरून येणारे हेर आयझेले (हेर म्हणजे तिकडचं 'श्रीयुत') हे संग्रहातले सगळ्यात जुने स्वयंसेवक. चाळीस वर्षं लॅटिन शिकवून निवृत्त झालेले. रेशचं मुंगीच्या पावलांसारखं अक्षर त्यांच्याइतकं कुणालाच लागत नसे. निम्मी पत्रं त्यांनीच टाईप केलेली. अकरा वाजता डब्यातलं लोणी लावलेलं ब्रेत्सेल, म्हणजे खारा वेटोळा पाव, काढायचं, अर्धं इर्मेलाला द्यायचं, आणि तिच्या पिढीला षष्ठी विभक्ती कशी वापरता येत नाही हे सांगायचं, हा त्यांचा शिरस्ता होता. इर्मेलाला त्यांचा फार लळा होता, पण असलं काही बोलून दाखवायची गावात रीत नाही.

त्या गुरुवारी त्यांनी डबा उघडलाच नाही. कपाटाची किल्ली तिच्या टेबलावर ठेवली, आणि आपण यापुढे येणार नाही म्हणाले.

कारण विचारल्यावर आधी त्यांनी चष्मा पुसला. मग सांगितलं ते असं. येत्या रविवारी प्रोफेसरांचं जाहीर व्याख्यान होतं, 'मुकं घर' या विषयावर. चारशे बारा पत्रांत रेशनं आपल्या बायकोचं, डोरोथेआचं, एकदाही नाव घेतलेलं नाही, या शोधावर ते उभं होतं. चर्चच्या भिंतीवर लावायची दगडी पाटीसुद्धा तयार होती: चर्चमध्ये नाद, घरात मौन. मागच्या महिन्याच्या बैठकीत आयझेले सहज म्हणाले होते की डोरोथेआ एका पत्रात आहे, ते आपण स्वतः टाईप केलं. प्रोफेसर हसून म्हणाले, मशीनला विचारा. वीस माणसांदेखत विचारलं. मशीन म्हणालं, शून्य.

"त्यानंतर घरी सतरा वेळा विचारलं," आयझेले म्हणाले. "मशीन म्हणतं शून्य. मी म्हणतो एक. आता तुम्हीच सांगा फ्राऊ हाउग, आमच्या दोघांत अठ्ठ्याहत्तर वर्षांचं डोकं कुणाचं?"

इर्मेला काहीतरी समजुतीचं बोलू लागली. त्यांनी हातानं थांबवलं. आपल्या आईचंही असंच सुरू झालं होतं, ते म्हणाले. आधी न झालेल्या गोष्टी आठवायला लागल्या, मग झालेल्या विसरल्या. लेकीनं, गुडरुननं, सोमवारी स्मरणशक्तीच्या तपासणीसाठी डॉक्टरांची वेळ घेतली होती. "तिथे म्हणे घड्याळाचं चित्र काढायला लावतात," ते म्हणाले. "मला तर चित्रकला कधीच येत नव्हती."

ते गेले. ब्रेत्सेलचा डबा तसाच राहिला. काही सुचेना म्हणून तिनं 'डोरोथेआ' टाकून पाहिलं. शून्य. म्हातारा खरंच थकला, असं तिला वाटून गेलं, आणि वाटल्याची लाजही वाटली. मग मनाला उभारी म्हणून हमखास सापडेल असा शब्द टाकावा, म्हणून, उद्घाटनाचा तो लाल पडदा विसरून, तिनं टाकला 'भाता'.

शून्य पत्रं सापडली.

ऑर्गन बांधणाऱ्याच्या पत्रांत भाता नाही, म्हणजे कुंभाराच्या घरात माती नाही म्हणण्यासारखं. बरं, प्रोफेसरांना हेही शून्य माहीत होतं. त्यांनी व्याख्यानाला एक लांबलचक तळटीप जोडली होती की रेश धंद्याचं गुपित म्हणून भात्याविषयी जाणूनबुजून मौन पाळतो. माणूस विद्वान असला की शून्यातूनही पीक काढतो.

इर्मेलानं दोन वर्षं न उघडलेली नोंदवही उघडली. सहा हजारांवर ओळी, आणि सगळ्या एकच रडगाणं गात होत्या. तारीख हवी होती, मिळालं भलतंच. पत्र क्रमांक तीनशे अठरा. तारखेच्या जागी लिहिलं होतं: 'आलुबुखार पिकले तेव्हा'.

तिला लख्ख उमगलं. रेशनं पत्रावर तारीख घातलेली नव्हती, आलुबुखाराचा हंगाम घातला होता. दुसऱ्या कुणी अंदाजानं एखादा सप्टेंबर ठोकून दिला असता. पण संपादनाचा पहिला नियम, पत्रात नाही ते लिहायचं नाही. आणि आयझेले नियमाला प्राण देणारे. त्यांनी जे होतं तेच टाईप केलं. बिचारी सर्व्हिस पत्रं तारखेनं लावायला जाई, आलुबुखाराशी अडखळे आणि कोसळे. मग इर्मेलानं शिकवल्याप्रमाणे सभ्यपणे शून्य म्हणे. ज्या शोधात हे एक पत्र येई, त्या शोधातली बाकीची पत्रंही त्याच्याबरोबर बुडत. भाता एकसष्ट पत्रांत होता. डोरोथेआ एकाच, याच.

म्हातारा बरोबर होता. त्याचा प्रामाणिकपणा आणि तिची लपवाछपवी यांची गाठ पडली होती, आणि वेड लागायची पाळी आली होती त्याच्यावर. इर्मेलाला स्वतःचा असा संताप आला की तिनं तिथल्या तिथे ते अर्धं ब्रेत्सेल रागारागानं खाऊन टाकलं. मग दुसरं अर्धंही.

मग ती प्रोफेसरांकडे गेली आणि माझी चूक, दोन वर्षांपूर्वीची, असं सरळ सांगितलं. प्रोफेसरांनी ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता तो. फक्त पाटी कोरून झाली होती. आमंत्रणं गेली होती, महापौर येणार होते. पत्र आहे ना, मग ते कुठे पळून जातंय, असं त्यांचं म्हणणं पडलं.

"ती चूक सोमवारपर्यंत दुरुस्त करायची नाही," ते म्हणाले.

"लेखी द्याल?" इर्मेलानं विचारलं.

अशा मागणीला त्या देशात कुणी नाही म्हणत नाही, उलट बरं वाटतं. पाचच मिनिटांत ईमेल आली: 'संबंधित चूक सोमवारपर्यंत आहे तशीच राहू द्यावी.' इर्मेलानं ती छापून पर्समध्ये ठेवली.

आयझेल्यांच्या घरी फोन केला तर गुडरुननं उचलला. पत्र खरोखर आहे, असं इर्मेला सांगू लागली. गुडरुन थकल्या आवाजात म्हणाली की तुम्ही फार चांगल्या आहात, पण कृपा करून बाबांना त्या पत्राच्या नादी लावू नका. रविवारी ते येणार आहेत, सदरा इस्त्री करून ठेवलाय. तिथेही विषय काढू नका, सोमवार पार पडू दे.

पत्र छापून दारात जाऊन उभं राहता आलं असतं. पण वीस जणांदेखत गेलेली अब्रू दाराआड परत करता येत नाही, असं इर्मेलाला वाटलं. रविवारी सकाळी ती कामाला बसली. आलुबुखाराला तिनं बोट लावलं नाही. तारखांची मांडणी जशी कोसळत होती तशी कोसळू दिली. हुकूम म्हणजे हुकूम. तिनं फक्त दोन वर्षांपूर्वीचं पांघरूण काढलं, आणि त्या अगम्य इंग्रजीच्या जागी कुणालाही कळेल असा चार ओळींचा मजकूर लिहिला.

चर्चचं सभागृह भरलं होतं. पाटीवर निळा कपडा टाकलेला. आयझेले लेकीशेजारी तिसऱ्या रांगेत, मान खाली घालून. प्रोफेसर रंगात आले होते. मौनाचे सात प्रकार सांगून झाले, आणि मग म्हणाले, माझ्यावर विश्वास ठेवू नका, यंत्रावर ठेवा. त्यांनी मोठ्या पडद्यावर सगळ्यांसमोर 'डोरोथेआ' टाईप केलं आणि पडद्याकडे पाठ करून लोकांकडे हसून पाहिलं.

लोक पडद्याकडे बघत होते. महापौरांची दृष्टी अधू असल्यामुळे त्यांना मोठ्यानं वाचायची सवय होती. त्यांनी वाचलं, "हा शोध पूर्ण झालेला नाही. पत्र क्रमांक तीनशे अठरामध्ये तारखेच्या जागी 'आलुबुखार पिकले तेव्हा' असं लिहिलं आहे. ही तारीख मला लावता येत नाही. पत्र नाही असा याचा अर्थ घेऊ नये."

मागून कुणीतरी खुसकन हसलं. प्रोफेसर वळले, त्यांनी वाचलं, आणि त्यांचे डोळे इर्मेलाला शोधू लागले. इर्मेलानं पर्समधली ईमेल काढून मांडीवर ठेवली. उलगडायची वेळ आली नाही, कारण तिसऱ्या रांगेत खुर्ची सरकली.

आयझेले उभे राहिले होते. गुडरुन त्यांची बाही ओढत होती. त्यांनी ती वर्गातल्या पोराची बाही सोडवावी तशी हळूच सोडवली आणि हातात कागद नसताना बोलू लागले.

"आलुबुखार पिकले तेव्हा, रविवारी. प्रिय भावा, नवा ऑर्गन उभा राहिला. चर्चचा शिपाई भाता ओढतो तेव्हा नळ्या नुसत्या ओरडतात. डोरोथेआ ओढते तेव्हा त्या गातात. लोक मला वाखाणतात, आणि ती खांबामागे घाम पुसत उभी असते. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस, नाहीतर भाता सोडून माझ्याकडे बघत बसेल."

मग पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईनं आपल्या नवऱ्याला कोपरानं ढोसलं, आणि तो खोकला.

प्रोफेसरांना एक श्रेय दिलंच पाहिजे. महापौर पाटीच्या दोरीकडे निघाले तेव्हा त्यांनीच त्यांना अडवलं आणि कोरडेपणानं म्हणाले की कपडा राहू द्या, दगड उलटा करून मागच्या बाजूनं कोरता येईल. मग मंचावरून उतरून ते तिसऱ्या रांगेशी गेले, आयझेल्यांसमोर उभे राहिले, आणि काहीच बोलले नाहीत. वाइलनबाखमध्ये याहून मोठी माफी आजवर कुणी ऐकलेली नाही.

इर्मेला गर्दीतून वाट काढत पोचली. चूक माझी होती हेर आयझेले, पहिल्या दिवसापासून माझी, ती म्हणाली. त्यांनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं.

"शाळेत असतात तर नापास केलं असतं," ते म्हणाले. "माझी किल्ली कुठाय?"

तिनं किल्ली दिली. गुडरुन अजून खुर्चीत बसून होती, डोळे पुसत. डॉक्टरांना काय कळवायचं, ते तिला सुचत नव्हतं. शेवटी काहीतरी विचारायचं म्हणून तिनं विचारलं, "बाबा, हे पत्र तुम्ही टाईप केलंत तरी कधी?"

आयझेल्यांनी किल्ली खिशात टाकली आणि प्रामाणिकपणे विचार केला.

"तारीख नाही सांगता यायची," ते म्हणाले. "तुझी आई होती. घरात आलुबुखाराच्या केकचा वास होता."