डावी बाजू

मॅचच्या दिवशी पहाटे जाऊबाईंच्या हातची पहिली धार बादलीत न पडता जमिनीवर गेली. गायीच्या पायानं बादली जरा सरकली होती, एवढंच. पण जाऊबाईंना ती दिसलीच नव्हती.

"बादली सरकलीय," मी हळूच म्हटलं.

"कुठं?"

"डावीकडं."

त्यांनी हात लांबवून चाचपलं, बादली ओढून घेतली आणि काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा धार सुरू केली. भिंतीपलीकडं सासूबाई खोकल्या.

तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. आमची तांबडी गाय शेपटीनं फटकारते, म्हणून जाऊबाई धारेला बसल्या की शेपूट मी धरायचं, हा घरचा नेम. त्या दिवशी माझा फोन वाजला. लीगच्या शेवटच्या मॅचची तारीख आली होती. ती बघायला मी शेपूट सोडलं, आणि वाळल्या चिखलानं कडक झालेला गोंडा सपकन जाऊबाईंच्या डाव्या डोळ्यावर बसला. डोळा आठवडाभर लाल होता. लाली गेली, पण नजर काही परत आली नाही. घरात त्यांनी सांगितलं, कचरा गेला. माझं नाव काढलं नाही. काढलं असतं तर बरं वाटलं असतं.

आमची फुटबॉलची टीम दूधसंघाची. मॅचमागं थोडंफार हातात पडतं, पण त्यावर कुणाची चूल पेटत नाही. म्हणून पुढं खेळणारी बसची कंडक्टर आहे, मधली पिठाची गिरणी चालवते, आणि कोच म्हणजे आमची शिंपीणबाई. जाऊबाई गोलकीपर, मी त्यांच्या पुढ्यात बचावाला. ही मॅच हरलो तर लीगमधून खाली जाणार होतो, आणि खाली गेलेली टीम ठेवायची नाही असं संघाच्या साहेबांनी तोंडावर सांगितलं होतं. बरोबरी झाली तरी वाचणार होतो.

"अजून वेळ गेली नाही," दुधाचे कॅन टेम्पोत चढवताना मी म्हटलं. "शिंपीणबाईंना सांगते. दुसरी कुणीतरी उभी राहील गोलात."

"कोण राहील? कंडक्टर? ती बॉलला तिकीट देऊन आत सोडेल."

"आणि चांगल्या डोळ्यावर बॉल बसला म्हणजे?"

जाऊबाईंनाही भीती होती, ती मला तेव्हाच कळली. कॅनची कडी धरलेली बोटं पांढरी पडली होती.

"डावीकडून काही आलं की तू सांगायचं," त्या म्हणाल्या. "एरवी तरी तुझं तोंड कुठं बंद असतं? मॅच झाली की डॉक्टर. शब्द देते."

मैदानावर कोरडा वारा सुटला होता, धूळ नाकातोंडात जात होती. सासूबाई नेहमीप्रमाणं आमच्या गोलामागं, पालथ्या डब्यावर बसून मटार सोलत होत्या. मॅच त्यांना आवडते की नाही हे कुणाला माहीत नाही. सगळ्यांना नावं ठेवतात आणि एकही मॅच चुकवत नाहीत.

पहिल्या मिनिटापासून मी ओरडत होते. "डावीकडं! आली बघा! अजून डावीकडं!" लोक हसत होते. म्हणत होते, जावा-जावांचं भांडण घरी संपलं नाही वाटतं. हसा म्हटलं. डावीकडून कुणी बॉल घेऊन आली की मला बॉल दिसायचाच नाही, जाऊबाईंचा उजवा डोळा तेवढा दिसायचा.

भीतीनं माणूस वेड्यासारखं करतं. मध्यंतराआधी एक पोरगी डावीकडून सुटली आणि मी तिचा शर्टच धरला. पिवळं कार्ड. शिंपीणबाई ओरडल्या, "शुद्धीवर ये गं!" दुसऱ्या हाफमध्ये एक-एक अशी बरोबरी होती. शेवटची पाच मिनिटं उरली असताना तीच पोरगी पुन्हा तिथूनच आली. जाऊबाई उजवीकडंच बघत होत्या. मी ओरडले, पण वाऱ्यानं आवाज भलतीकडंच नेला. मग मी विचार केला नाही. पुन्हा शर्ट धरला.

रेफरीनं दुसरं पिवळं दाखवलं, त्यामागून लाल. वर फ्री किक, नेमकी डावीकडून. मला पार टेम्पोपर्यंत हाकललं. जी मदत करायची तीच मी मैदानाबाहेर नेली होती.

टेम्पोचं फळकूट धरून मी उभी राहिले. तिथून ओरडले, पण आवाज गोलापर्यंत पोचेना. जाऊबाई मान वळवून वळवून मला शोधत होत्या. पोरीनं बॉल ठेवला आणि चार पावलं मागं गेली.

तेवढ्यात सासूबाई मटार बाजूला ठेवून उठल्या. गोलाच्या जाळीला जवळजवळ नाक लावलं.

"थोरले, डावीकडं एक पाऊल," त्या म्हणाल्या. गायीला गोठ्यात घेताना बोलतात त्याच आवाजात. "अजून अर्धं. बास. हात वर धर, तोंडापुढं."

जाऊबाईंनी मागं वळून पाहिलं नाही. पाऊल सरकवलं, हात धरले.

"आला. खाली!"

जाऊबाई धपकन पडल्या. धुरळा उडाला आणि मी डोळे मिटले. उघडले तेव्हा बॉल खांबाबाहेर गडगडत होता, आणि जाऊबाई गुडघ्यावर बसून आपला उजवा डोळा हळूच झाकून-उघडून बघत होत्या. दिसत होतं. मी टेम्पोला टेकून रडले.

शिट्टी झाली, टीम वाचली, पोरी नाचल्या. सासूबाई मटारचा डबा काखेत मारून टेम्पोकडं आल्या.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?" मी विचारलं.

"धार बादलीत पडते की भुईवर, ते भिंतीपलीकडं ऐकू येतं." मग जाऊबाईंकडं वळल्या. "उद्या पहिल्या गाडीनं डोळ्याच्या डॉक्टरकडं. तो नाही म्हणाला तर परत गोलात पाय ठेवायचा नाही."

जाऊबाईंनी मान हलवली.

"आणि धाकटे, तूही जायचं."

"मी तर जाणारच, पण डॉक्टरला काय सांगायचं?"

"कचरा गेला म्हणून सांगू नका. शेपूट कुणाच्या हातातून सुटलं ते सांग."

मी मान खाली घातली. सासूबाईंनी मूठभर मटार माझ्या हातात ठेवले आणि टेम्पोत पुढं जाऊन बसल्या. मागं जाऊबाईंनी माझ्यासाठी उजवीकडं जागा केली होती. मी त्यांना ओलांडून डावीकडं जाऊन बसले.