डोक्यातल्या पेशींची वंशावळ

अश्वजित नगराळेची मिरगी बरी झाली. सात महिन्यांत एकही झटका नाही.

असं काही झालेलं नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी सही घेऊन बजावलं होतं की प्रयोगाचा निकाल दोन वर्षांनी लिफाफा उघडल्यावरच लागेल, तोवर कोणी बरं झालं असं समजू नये. त्यामुळे कळंबच्या त्या घरात कोणी तसं समजत नाही. शेजारीण तब्येत विचारायला आली की अश्वजितची आई साधनाबाई "कायचं बरं, तसंच आहे," म्हणते आणि आत जाऊन पोटभर आनंदी होते.

अकरा वर्षं त्यानं चार प्रकारच्या गोळ्या खाल्ल्या. गोळ्या वेळेवर, झटके त्याहून वेळेवर. लिपिकाच्या परीक्षेत दोनदा बाकावरून पडला. दोन्ही वेळा पर्यवेक्षकानं आधी उत्तरपत्रिका काढून घेतली, मग नाकाला चप्पल लावली. शेवटी नागपुरात कवटीला बारीक भोक पाडून त्याच्या मेंदूत पेशी सोडल्या. किंवा नाही सोडल्या. प्रयोगात निम्म्यांना मूळपेशींपासून वाढवलेल्या पेशी मिळतात, निम्म्यांना नुसतं खारं पाणी. कोणाला काय मिळालं ते त्या लिफाफ्यात बंद; पेशंटलाही ठाऊक नाही, तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही.

तिसऱ्यांदा मात्र तो तीन तास बाकावर टिकला आणि पास झाला. सोमवारी रुजू व्हायचं होतं. फक्त जातपडताळणीचा कागद हवा होता, आणि तो यवतमाळच्या वंशावळ खात्री कक्षात, खोली नंबर नऊमध्ये, तयार होऊन पडला होता. गुरुवारी मायलेक घ्यायला गेले.

शिक्का उचलता उचलता तिथल्या बापूजी बाबूंची नजर अश्वजितच्या डोक्यावरच्या व्रणाकडे गेली. "डोक्याले काय झालं गा?"

"पडलो, साहेब."

तेवढ्यावर कागद हातात आला असता. पण सात महिने आनंद लपवून साधनाबाई पार थकली होती.

"पडला नाही, साहेब! डोक्यात दुसऱ्या माणसाच्या पेशी टाकल्या. गोळी म्हंजे फवारणी, साऱ्या वावरावर उडते, मुळाशी काई जात नाही. ह्या पेशी ठिबकवानी. जिथून झटका उठते तिथंच बसून औषध बनवतेत अन् थेंब थेंब सोडतेत."

बापूजींनी शिक्का खाली ठेवला. "दुसऱ्या म्हंजे कोनाच्या?"

"थे सांगत नाहीत."

"बाई, कोतवाल बुकातल्या जुन्या नोंदीतून याचा पणजोबा काढला मी. आन् आता तुम्ही म्हनता, डोक्यात भलतंच बिऱ्हाड आहे? दाखल्याले एकोणीसशे पन्नासच्या आंधीचा रहिवास लागते. तवा थे कुठं राहे?"

"काचेच्या बशीत," अश्वजित म्हणाला.

"मंग बशीचा रहिवासी दाखला आना."

साधनाबाईनं सावरायला घेतलं. "साहेब, आल्या तवापासून आमचंच खाऊन राह्यल्या. रोज आमच्यासंग वंदनेले बसतेत. आता आमच्याच झाल्या ना?"

"तसा कागद आहे काय?"

"पेशी नसतीनबी, साहेब," अश्वजित घाईनं म्हणाला. "निम्म्या लोकायले नुसतं पानी देल्लं."

बापूजी आणखीच गंभीर झाले. "पानी कोनाचं?"

"पान्याचा विषय एकोणीसशे सत्तावीस सालीच तळ्यावर निकाली निघाला, साहेब," साधनाबाई म्हणाली. "पुरावा लागत असंन तं घरी भिंतीवर फोटो आहे."

बापूजी माणूस वाईट नव्हते. त्यांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि फायलीवर लाल शाईनं लिहिलं: 'डोके प्रलंबित.'

शुक्रवारी अश्वजितनं नागपूरला प्रयोगाच्या डॉ. अर्पितांना फोन लावला.

"लिफाफा आताच उघडता येत नाही का, मॅडम?"

"पेशंटच्या जिवाला धोका असेल तरच."

"नोकरी चालली हातातून."

"तो दुष्परिणाम आमच्या यादीत नाही." मग जरा आवाज खाली आणून, "झटके येतात का हो?"

"नाही."

"छान. कोणाला सांगू नका."

घरी त्याच्या बापानं, डोमाजीनं, सारं शांतपणे ऐकून घेतलं. "अकरा वर्सं सारं गाव म्हने, पोराच्या डोक्यात काईतरी शिरलं आहे. तवा कोनं त्याचा दाखला नाही मांगतला."

शनिवारी कार्यालय बंद. अश्वजितनं खोली नंबर नऊच्या दाराखालून अर्ज आत सरकवला:

"महोदय,

माझ्या डोक्यातील पेशींच्या (असल्यास) वडिलांच्या रकान्यात श्री. डोमाजी नगराळे यांचे नाव ग्राह्य धरावे. पेशी नसल्यास, पाणी हे पाणीच असल्याची नोंद घ्यावी. लिफाफा उघडेपर्यंत डोके प्रलंबित ठेवण्यास माझी हरकत नाही. तथापि मानेखालील अर्जदाराची वंशावळ निर्विवाद असल्याने, तेवढ्या भागास तात्पुरते वैधता प्रमाणपत्र देऊन सोमवारी सकाळी पावणेदहा वाजता लिपिक पदावर रुजू होण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती. कार्यालयीन कामात डोक्याचा वापर करणार नाही, असे हमीपत्र सोबत जोडले आहे."