चार बोटं रबर

त्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं, ऊनही बरं होतं, पण वारा मात्र आडवा सुटला होता. मैदानाच्या कोपऱ्यांवरचे झेंडे फडफडत नव्हते, एकाच बाजूला हात केल्यासारखे ताठ उभे होते. पन्नास हजार माणसं बसली होती म्हणे. मला काही मोजता येत नाही. मी गवतावर होतो आणि माझ्या डोक्यावर चेंडू होता.

मी कोण, ते सांगतो. मी रबरी पाइपचा तुकडा. उंची चार बोटं, रुंदी तळहाताएवढी, मधे आरपार भोक. रग्बीत चेंडू जमिनीवर उभा करून लाथेनं दोन खांबांच्या मधून घालवायचा असतो. तो चेंडू लांबोडा, आपला आपण उभा राहत नाही. त्याला खाली आधार लागतो. तो आधार मी.

जन्मानं मात्र मी नळकामातला. आमचं दुकान चिंचोळं, भिंतीला पाने आणि पकडी टांगलेल्या, पायाखाली वळ्या पडलेले जुने पाइप. मालक म्हातारा. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण भिंतीला कान लावून गळती कुठे आहे ते सांगणार, आणि ती तिथेच असणार. हाताखाली धाकटा मुलगा आणि जावई. मुलगा जावयाला दाजी म्हणायचा, म्हणून मीही दाजीच म्हणतो. म्हाताऱ्याचा एकच नियम होता. "टिपटिप ऐकून ज्याला झोप लागते, त्यानं दुसरा धंदा बघावा."

काम संपलं की दोघं रग्बी खेळायला जात. देश छोटा, संघ त्याहून छोटा. कप्तान टपाल वाटायचा, एक जण पाव भाजायचा, एक जण शाळेची बस चालवायचा. दाजी अंगानं कपाटाएवढा, तो पुढे उभा राहून धक्के खायचा. धाकटा सडसडीत, त्याच्याकडे लाथेचं काम.

एकदा धाकट्यानं चेंडूखाली ठेवायला काही मागितलं. म्हाताऱ्यानं जाड पाइप घेतला आणि सुरी चालवली. त्या वर्षीच त्याचा हात थरथरायला लागला होता. काप तिरका गेला. म्हाताऱ्यानं मला उलटंसुलटं करून पाहिलं आणि त्याचं तोंड उतरलं.

"वाकडा गेला रे. आण इकडे, टाकून देतो."

"राहू द्या बाबा. चालतंय."

चालतंय काय, चांगलंच चाललं. चेंडू माझ्यावर जरा पुढे झुकून बसायचा, कानात काही सांगायला वाकलेल्या माणसासारखा. धाकट्याच्या पायाला तो झुकाव पटला. चार वर्षं आम्ही रोज संध्याकाळी सराव केला. पण त्या दिवसानंतर म्हाताऱ्यानं सुरी काही हातात घेतली नाही. कापायचं काम जावयाकडे दिलं आणि आपण स्टुलावर बसून राहू लागला. हा हात गेला, असं त्यानं मनाशी धरलं होतं.

मग देशोदेशीच्या संघांची मोठी स्पर्धा आली आणि आमचे हे पाववाले, टपालवाले तिकडे निघाले. संघटनेनं धाकट्याला नवा केशरी प्लॅस्टिकचा आधार दिला. टीव्हीवर बरा दिसतो म्हणून त्यानं तो घेतला. मी पिशवीच्या तळाशी. पहिल्या सामन्यात त्याच्या चार लाथा चुकल्या, दुसऱ्यात तीन. दोन्ही सामने गेले. आमच्या संघानं या स्पर्धेत आजवर एकही सामना जिंकलेला नव्हता, आणि आता एकच उरला होता, तोही जगज्जेत्यांशी. प्रशिक्षकानं धाकट्याला बोलावून सांगितलं, "उद्या पहिल्या दोन चुकल्या तर पुढच्या कप्तान मारेल." धाकट्यानं मनात ठरवलं, उद्या बाबांचाच तुकडा काढायचा. बोलला मात्र कुणाला नाही.

तिथेच घोळ झाला. दुपारी दाजी हॉटेलच्या खोलीत एकटा आडवा झाला होता. न्हाणीघरातून आवाज आला. ठप. ठप. भिंतीतून खाली जाणारा निचऱ्याचा पाइप सांध्यावर गळत होता. दुसरा कुणी असता तर उशी कानावर घेतली असती. दाजी उठला, पिशव्या उपसल्या आणि त्याच्या हाताला मी लागलो. "मामांचं रबर," तो खूश होऊन म्हणाला, "असा माल आता मिळत नाही."

आणि त्यानं मला उभा चिरला.

चेंडूचं ओझं मी चार वर्षं वाहिलं, पण अंगावर सुरी फिरेल असं कधी वाटलं नव्हतं. त्यानं मला सांध्याभोवती गुंडाळलं, वरून लोखंडी क्लिप आवळली आणि समाधानानं झोपला.

सकाळी धाकट्यानं पिशवी पालथी केली.

"दाजी, बाबांचा तुकडा कुठाय?"

दाजी दात घासत होता. ब्रश तोंडातच थांबला. "तू तर केशरी वापरतोस ना?"

"दाजी, कुठाय?"

दाजीनं ब्रशनंच खाली दाखवलं. धाकटा वाकला. 

"चिरलात?"

"चिरल्याशिवाय बसेल कसा?"

धाकटाही नळवालाच. त्यानं सांध्याखालून बोट फिरवून पाहिलं. थेंब गळत नव्हता हो. दोघांनी मला सोडवून सांध्याखाली बादली लावली. चीर मिटावी म्हणून तीच क्लिप माझ्याभोवती आवळली आणि वरून पायाला बांधायची पांढरी पट्टी गुंडाळली. खाली बस हॉर्न देत होती.

पहिल्या दोन लाथा खांबांतून गेल्या. तिसरीही. जगज्जेत्यांची माणसं म्हणजे एकेक दरवाजा, पण आमच्या पाववाल्यानं त्यातला सगळ्यात मोठा दोनदा आडवा केला. शेवटचं मिनिट उरलं तेव्हा आमचे गुण एकोणीस, त्यांचे एकवीस. त्यांच्या हातून नियम मोडला आणि आम्हाला लाथ मिळाली. गेली तर तीन गुण. पण जागा पार कडेच्या रेषेपाशी, आणि वारा तसाच आडवा.

पंचानं वाकून मला अंगठ्यानं दाबलं. "हे काय आहे?"

"आधार आहे साहेब."

मागून दाजी म्हणाला, "नीट आवळलाय. सुटणार नाही." त्याच्या कानातून रक्त येत होतं.

चेंडू ठेवला तशी माझी चीर उघडू लागली. क्लिपनं धरून ठेवलं. मग पाय आला, चेंडू गेला आणि मी कुशीवर पडलो. तोंड गवतात. मला दिसलं काहीच नाही, फक्त ऐकू आलं, आणि ऐकू यायला काही नव्हतं. पन्नास हजार माणसं एकदम गप्प झाली की कानात दडे बसल्यासारखं होतं. मला वाटलं, संपलं.

मला उचललं तेव्हा कळलं. पंचाचा हात वर होता. जगज्जेत्यांचा कप्तान दोन्ही हात डोक्यावर ठेवून फलकाकडे बघत होता. दाजी माझी क्लिप चाचपून बघत होता. आमच्यातलं कुणी नाचलं नाही, ओरडलं नाही. पाववाल्यानं हळूच कप्तानाला विचारलं, "आता काय करायचं असतं?" कप्तानालाही माहीत नव्हतं.

आता मी दुकानाच्या फळीवर असतो. परतल्यावर म्हाताऱ्यानं मला हातात घेऊन चिरेवर अंगठा फिरवला. जावयाला एवढंच म्हणाला, "चीर सरळ मारलीस." संघटनेची माणसं मला काचेच्या पेटीत ठेवायला मागताहेत. माझं हात जोडून सांगणं आहे, तसं करू नका. रबर नुसतं ठेवलं की ताठरतं, मग तडकतं. एखाद्या पोरीच्या, पोराच्या चेंडूखाली ठेवा, नाहीतर खुशाल गळत्या नळाला बांधा.

त्या दिवशी म्हाताऱ्याचं काय झालं, ते मला दुकानात बसून ऐकायला मिळालं. तो शेजारी शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे टीव्हीवर सामना बघत होता. शेवटच्या लाथेच्या वेळी त्याला बघवेना. तो उठून बाहेर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. आत सगळे गप्प झाले तेव्हा त्याला वाटलं, चुकली. तो घराकडे निघाला. बाई अनवाणीच त्याच्या मागे धावल्या. आधी त्यांनी त्याची बाही धरली. मग म्हणाल्या, "काका, मागे वळा. चेंडू गेला खांबांतून. आणि तो टीव्हीवाला सारखा विचारतोय, चेंडूखाली ते पांढरी पट्टी गुंडाळलेलं काळं काय होतं, कुणी बनवलं. मला ठाऊक आहे हो, पण त्याला सांगू कसं?"