बाटलीतला श्वास

जे ठाऊक आहे आणि जे आचरणात उतरले आहे, त्यांच्यामधले अंतर पुष्कळदा भीतीने व्यापलेले असते. अज्ञानी माणसाला समजावून सांगता येते. परंतु ज्याला सारे कळते आणि तरीही जो भ्यालेला आहे, त्याची समजूत कोणी व कशी घालावी? अशा माणसाची भीती अडाणी राहत नाही. ती त्याच्याच विद्येची वस्त्रे नेसते आणि प्रमाणे देऊन बोलू लागते.

रुग्णालयाच्या वरच्या मजल्यावर, खिडकीजवळच्या खाटेवर निवृत्त मास्तर पडून होते. आयुष्यभर त्यांनी पदार्थविज्ञान शिकवले होते. घरातले कपाट सरकवताना त्यांच्या उजव्या फुप्फुसाला बारीक छिद्र पडले, हवा छातीच्या पोकळीत शिरून कोंडली आणि तिच्या दाबाने फुप्फुस आक्रसून गेले. डॉक्टरांनी बरगड्यांमधून एक नळी आत घातली व तिचे दुसरे टोक जमिनीवरच्या काचेच्या बाटलीतल्या पाण्यात बुडवले. कोंडलेली हवा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडावी, बाहेरची मात्र आत शिरू नये, अशी ती योजना. शुक्रवारी छातीचा एक्स-रे काढायचा होता. फुप्फुस फुलले असेल तर नळी निघणार; नसेल तर शस्त्रक्रिया. मास्तरांचे हृदय आधीच अशक्त. शस्त्रक्रियेविषयी बोलताना डॉक्टरांनी शब्द फार जपून वापरले होते, आणि ते जपणेच मास्तरांच्या पत्नीला, मास्तरीणबाईंना, अधिक बोचले होते.

शेजारच्या खाटेवर पाय प्लास्टरमध्ये घालून एक ट्रकड्रायव्हर पडला होता. बसून राहण्याची सवय त्याला होती. पण गाडी चालू नसताना नव्हे.

"गुरुजी, ते पाणी नळीत वर चढतं कसं हो? मोटर तर कुठं दिसत नाही."

मास्तरांचा चेहरा उजळला. "मी श्वास घेतला की छाती फुगते. आत कोंडलेल्या हवेला जागा जास्त मिळते. हवा तेवढीच आणि जागा मोठी, मग दाब?"

"कमी होणार."

"शाब्बास. बाहेरच्या हवेचा दाब मात्र होता तेवढाच. ती बाटलीतल्या पाण्याला रेटते, म्हणून पाणी नळीत वर चढतं. श्वास सोडला की जागा आकसते, दाब वाढतो, पाणी खाली येतं."

"आणि बुडबुडे?"

"नळीचं टोक पाण्यात दोन बोटं बुडलंय. तेवढ्या पाण्याला बाजूला सारण्याइतका दाब आत झाला, की हवा टोकातून निसटते. खोकल्यानं तो होतो."

"म्हणजे तुमचा पंप झालाय, गुरुजी."

मास्तर हसले आणि लगेच बरगडी धरून थांबले. हसणे दुखत होते. खोकणे त्याहून.

त्यानंतर त्यांची दृष्टी बाटलीवरून ढळेना. बुडबुडा आला की छिद्र अजून उघडे आहे, हा विचार मनात काट्यासारखा रुतला. हळूहळू त्यांचा श्वास आखूड झाला. नळीतले पाणी जेमतेम थरथरू लागले. सिस्टर येऊन म्हणायची, "सर, मोठा श्वास घ्या, खोका." ते म्हणायचे, "घेतो." ती वळली की घेत नसत. बुधवारी दुपारी बायको डबा घेऊन आली, तेव्हा ते विजयी मुद्रेने म्हणाले, "बघ. सकाळपासून एकही बुडबुडा नाही. छिद्र मिटलं."

बाईंनी डोळे मिटून हात जोडले. तेवढ्यात सिस्टर आली. तिने मास्तरांच्या छातीला डावीकडे स्टेथोस्कोप लावून ऐकले, मग उजवीकडे, आणि तिचा चेहरा उतरला.

"उजवीकडे हवा पोचतच नाहीये, सर. खोकून दाखवा."

"कशाला? बुडबुडे थांबलेत."

सिस्टरने बाईंकडे पाहिले. बाई बराच वेळ पाण्याकडे बघत राहिल्या, मग नवऱ्याच्या छातीकडे. ती हलतही नव्हती. त्यांनी डबा बाजूला ठेवला.

"अहो, एक विचारू? प्रयोगाच्या वह्या तपासताना तुम्ही कुणावर सगळ्यात जास्त चिडायचात?"

उत्तर बाईंनीच दिले.

"पुस्तकातलं उत्तर आधी लिहून मागून आकडे बसवणाऱ्या मुलांवर. चहा गार व्हायचा, पण तुमचं बोलणं संपायचं नाही. हे आता काय चाललंय?"

"काकू, जरा दमानं," ड्रायव्हर पुटपुटला.

"तुम्ही गप बसा, भाऊ. तुमचा पाय मोडलाय, तोंड नाही हे कळलंय आम्हाला."

मास्तरांनी खिडकीकडे तोंड वळवले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "खोकलो आणि बुडबुडे येतच राहिले, तर? मग ऑपरेशनच्या टेबलावर घेतील. तिथून मी उठलो नाही, तर तू एकटी..."

"येतील तर येऊ देत. ती हवा बाहेर जायलाच हवी ना? खोकूनसुद्धा बुडबुडा येणार नाही, तेव्हा मी मानेन छिद्र मिटलं म्हणून. श्वास कोंडून नव्हे."

हा नियम मास्तरांना नवा नव्हता. नवी होती ती उशी, जी बाईंनी दुमडून त्यांच्या कुशीला लावली, आणि तिच्यावर घट्ट दाबून धरलेला तळहात. सिस्टरने मान हलवून तीच रीत बरोबर असल्याचे सांगितले.

मास्तर खोकले. बाटलीतले पाणी आधणासारखे उसळले.

"गुरुजी," ड्रायव्हर गंभीरपणे म्हणाला, "रेडिएटर तापला. गाडी बाजूला घ्या."

मास्तरांना हसू आवरेना. दुखत होते, डोळ्यांत पाणी येत होते, बाई उशी दाबून धरत होत्या, आणि प्रत्येक हसण्यासरशी कोंडलेली हवा बाहेर पडत होती. सिस्टर ड्रायव्हरला म्हणाली, "जेवणानंतर असाच एक डोस देत जा यांना."

त्याने ते काम मनावर घेतले. गुरुवारी आपल्या क्लीनरची आणि एका हट्टी बैलाची गोष्ट त्याने इतकी लांबवली, की ती संपेपर्यंत मास्तरांचा श्वास पोटापर्यंत पोचू लागला होता. बुडबुडे विरळ झाले.

शुक्रवारी सकाळी मास्तर स्वतःच उशी धरून खोकले. नळीतले पाणी खाली दबले, पुन्हा स्थिर झाले. बुडबुडा आला नाही. ते म्हणाले, "एकदा पाहून चालणार नाही," आणि पुन्हा खोकले, त्याहून जोराने. या वेळीही बुडबुडा आला नाही. बाईंनी या वेळी हात जोडले नाहीत. त्या एक्स-रेची वाट पाहत राहिल्या.

डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली. फुप्फुस बरगड्यांना जाऊन भिडले होते. वर टोकाशी कोंडलेल्या हवेची केसाएवढी काळी रेघ तेवढी उरली होती.

"ही आपोआप भरेल. उद्या नळी काढू," डॉक्टर म्हणाले.

मास्तरांनी पत्नीचा हात हातात घेतला आणि सावकाश, छातीभर श्वास घेतला. दुखले, तरी त्यांनी तो पुरता घेतला.

भ्यालेल्या शहाण्यांना असे बोलणारे कोणी लाभो. दुखऱ्या कुशीवर विश्वासाचा तळहात असो. आणि त्या खोलीतून जो जो घरी जाईल, त्याची वाट सुखाची होवो.