न घेतलेल्या शपथेची तलवार

"तिला म्यानातून काढायचं नाही, आणि का काढायचं नाही हे विचारायचं नाही."

या घरातल्या मुलांना प्रार्थना शिकवायच्या आधी हे वाक्य शिकवतात. त्यातली 'ती' म्हणजे मी. काउंट अर्मेल द त्रेगुआर यांची घोडदळातली तलवार. तीस वर्षं सगळे माझ्याविषयी बोलत आले, आणि एकानेही धड खरं सांगितलं नाही. आता मी बोलते.

माझा जन्म फ्रान्सच्या आल्सास प्रांतातल्या एका अरुंद खोऱ्यात, ओढ्याच्या पाण्यावर चालणाऱ्या घणाखाली झाला. मला घडवणाऱ्या लोहाराने त्याच वर्षी वसंतात सम्राटासाठी पाती घडवली होती आणि सम्राट हरल्यावर, उन्हाळा संपता संपता, राजासाठी. घण तोच, पोलाद तेच. बदलला तो पात्याच्या पाठीवर कोरायचा एक शब्द, आणि तोही बिचाऱ्याला वाचता येत नव्हता.

थोरल्या काउंटांनी मला मुलासाठी घेतलं. अर्मेल तेव्हा अठरा वर्षांचा होता. मिशीच्या जागी चार केस, आणि त्यांना पीळ द्यायची केवढी घाई! ब्रिटनी प्रांतातल्या त्यांच्या गावच्या चर्चमध्ये पाद्र्याने माझ्यावर पवित्र पाणी शिंपडलं. ते पुसायचं कुणाला सुचलं नाही. माझा पहिला गंज त्या पाण्याचा.

पलटणीत सार्जंट मोरेल होता. वीस वर्षं घोड्यावर काढून तो सार्जंटच राहिला होता, आणि अर्मेल केवळ घराण्याच्या नावावर पहिल्याच दिवशी त्याचा साहेब झाला. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं. मोरेलने मात्र राग धरला नाही. कवायतीत तो हळूच म्हणायचा, "साहेब, तलवार पंख्यासारखी हलवू नका. तिला काही उकडत नाहीये."

अर्मेल शिकला. घोड्यावर बसायला, हुकूम द्यायला, आणि मुख्य म्हणजे हुकूम देण्याआधी मोरेलकडे बघायला. राजाच्या बग्गीमागून आम्ही दौडलो, नाचाच्या समारंभात मी एकदा केकही कापला. मग स्पेनची मोहीम झाली. तिथे एका पुलावर मी एका तरुणाच्या खांद्याला लागले. अर्मेलने मला तीनदा पुसलं, आणि तरी रात्रीच्या जेवणाला बसला नाही. पुढे मी कुणा माणसाला लागले नाही. लोकांना तलवारीच्या तोंडी पराक्रमाच्या गोष्टी हव्या असतात. मला विचाराल तर माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली गोष्ट हीच.

अर्मेल कॅप्टन झाला, आणि तेहतिसाव्या वर्षी आम्हाला जहाजाने अल्जियर्सला नेलं. शहर तीन आठवड्यांत पडलं. मग ताप आला, हगवण आली, आणि गोळ्यांनी पडली नव्हती इतकी माणसं पाण्याने पडली. आमच्या तुकडीतले एकतीस जण शहराबाहेर एका बागेतल्या घरात, जमिनीवर पेंढा टाकून झोपवले होते. मोरेल त्यांतलाच.

अशात जहाजाने बातमी आणली की पॅरिसने राजाला हाकलून दिलं आणि त्याच्याच एका भाऊबंदाला गादीवर बसवलं. आता प्रत्येक अधिकाऱ्याने नव्या राजाची शपथ घ्यायची होती. सगळ्यांसमोर तलवार वर धरून एकच शब्द म्हणायचा. जो म्हणणार नाही, त्याने राजीनामा द्यायचा, पहिल्या जहाजात बसायचं, आणि हुद्दा त्याच्या खालच्या अधिकाऱ्याकडे जायचा.

बातमीपाठोपाठ घरून पत्र आलं. अर्मेलची थोरली बहीण सिदोनी हिचं. तिने लग्न केलं नव्हतं, घर केलं होतं, आणि सगळ्यांना त्यात कोंडलं होतं. पत्रात लिहिलं होतं, "आपल्यातली सगळी चांगली घराणी राजीनामे देत आहेत. उशीर करू नकोस. शेजारच्यांचा मुलगा तुझ्याआधी घरी पोचला तर आम्ही तोंड कुठे दाखवायचं?"

अर्मेल राजीनामा देणारच होता. कागद लिहूनही झाला. त्याची घडी घालून तो मोरेलला भेटायला बागेतल्या घरात गेला. मी कमरेला होतेच.

"साहेब, तुमच्या जागी कोण येणार?" मोरेलने विचारलं.

अर्मेलने नाव सांगितलं. त्या माणसाला बढतीची घाई होती. तो तुकडी घेऊन डोंगरात निघणार होता, आणि पेंढ्यावरची माणसं पेंढ्यावरच राहणार होती. दवाखान्याच्या जहाजावर त्यांना चढवायचं तर तुकडीच्या कॅप्टनची सही लागत होती.

मोरेल पडल्या पडल्या हसला. "मी आत्तापर्यंत चार सरकारांच्या शपथा खाल्ल्या, साहेब. एकीनंही पोट भरलं नाही. पण बिघडलंही नाही. बिघडलं ते इथल्या पाण्यानं."

अर्मेल त्या दुपारी बराच वेळ बागेतल्या विहिरीच्या कठड्यावर बसून होता. मग त्याने राजीनाम्याचे चार तुकडे केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला उपसलं, वर धरलं आणि तो शब्द म्हटला.

जहाजात जागा मिळायला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत आजाऱ्यांमधल्या एकाने, जो पलटणीचा हत्यारं दुरुस्त करणारा होता, मला मागून घेतलं आणि भिंतीला टेकून, थांबत थांबत, माझ्या पात्यावर अक्षरं कोरली: 'कॅप्टन द त्रेगुआर यांस. त्यांनी शपथ घेतली आणि ते आमच्यापाशी थांबले. अल्जियर्स, १८३०. एकतीस जण.'

कोरताना गुदगुल्या होत होत्या. अर्मेलने वाचलं आणि तो मोरेलच्या समोर रडला. एखाद्या अधिकाऱ्याला याहून मोठं पदक मिळालेलं मी तरी पाहिलेलं नाही.

माणसं जहाजावर चढली. तीन महिन्यांनी, घरच्यांसाठी, अर्मेलने राजीनामा दिला. पंधरा वर्षांची नोकरी संपली. तो घरी निघाला तेव्हा सगळं सरळ सांगून टाकायचं असं त्याने ठरवलं होतं. जहाजाच्या कठड्याशी उभं राहून तो वाक्यं जुळवत होता, आणि ती मला पाठ झाली होती.

पण धक्क्यावर सिदोनी अर्ध्या जिल्ह्याला घेऊन उभी होती. सगळ्यांच्या छातीवर जुन्या राजाची पांढरी फुलं. अर्मेल तोंड उघडायच्या आत ती ओरडली, "आला! न वाकता आला!" आणि टोप्या हवेत उडाल्या. घरी थोरले काउंट शेवटच्या दुखण्यात होते. त्यांनी अर्मेलचा हात धरला. "तू नाही ना म्हणालास तो शब्द?"

अर्मेलने मान हलवली. नाही.

आठवड्यात थोरले काउंट गेले, अगदी समाधानाने. आणि अर्मेल अडकला.

मला दिवाणखान्यातल्या शेकोटीवर टांगायचं ठरलं. सिदोनी मला स्वतः पुसायला बसली, तिने मला बाहेर काढलं, आणि वाचलं. एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं. मग मला असं खाडकन आत घातलं की माझं टोक दुखलं. तेव्हापासून नियम झाला: काढायचं नाही, विचारायचं नाही. पाहुण्यांना ती सांगे, "खरा राजा परत येईपर्यंत म्यानाबाहेर काढणार नाही, असा पण केलाय आमच्या अर्मेलने."

एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण तिने एक प्रथा काढली. जुन्या राजाच्या हद्दपार नातवाचं नाव ज्या संतावरून ठेवलं, त्या संताचा दिवस जुलैच्या मध्यात येतो. त्या दिवशी घरातल्या ज्या मुलाला किंवा मुलीला एकविसावं लागलं असेल, त्याने माझ्या म्यानावर हात ठेवून म्हणायचं: मी गादी बळकावणाऱ्याची शपथ कधी घेणार नाही, जो घेईल त्याच्या पंगतीला बसणार नाही, त्याच्या घराशी सोयरीक करणार नाही. शपथ न घेण्याची शपथ! आणि ती कुणावर हात ठेवून? माझ्यावर!

तीस वर्षं म्यानाच्या अंधारात समुद्राची ओल खात मी हे ऐकत राहिले. नऊ भाचे-पुतणे येऊन बोलून गेले. अर्मेल दर वेळी खिडकीबाहेर बघायचा. पुढे त्याने लग्न केलं, बायको लवकर गेली, सफरचंदाच्या बागा लावल्या, गुडघे दुखू लागले. जिल्ह्यात सगळे त्याला वाकून नमस्कार करायचे. नमस्कार आला की तो खोकायचा. लोकांना वाटे, छाती नाजूक आहे.

त्याची एकुलती एक मुलगी योलांद. पाच वर्षांची असताना खुर्चीवर चढून तिने माझ्या मुठीला हात लावला, तर आत्याने तो हात झाडूच्या दांड्याने झोडपला. ती रडली नाही. म्हणाली, "पण का?"

पुढे रेन शहरातल्या मठशाळेत शिकून आली, तरी प्रश्न तोच.

गेल्या हिवाळ्यात अर्मेलची छाती खरंच भरली. एमिल कोर्बेल नावाचा फौजेतला तरुण डॉक्टर शेजारच्या गावी सुट्टीवर आला होता. तो नऊ दिवस चिखल तुडवत येत राहिला आणि त्याने अर्मेलला उठवून बसवलं. पण त्याच्या वडिलांनी १८३० साली शपथ घेतली होती. म्हणून सिदोनीने त्याला नऊही दिवस स्वयंपाकघरात जेवायला बसवलं. "शपथखाऊचा पोरगा," ती म्हणाली, "त्याला आमची पंगत कशाला?" दहाव्या दिवशी योलांद आपली थाळी उचलून स्वयंपाकघरात गेली, आणि रोजच जाऊ लागली. वसंतात त्याने मागणी घातली. सिदोनीने पत्र न उघडता परत पाठवलं.

योलांदला यंदा एकविसावं लागलं. आज तोच संताचा दिवस. आज तिने माझ्यावर हात ठेवला तर एमिल तिच्यासाठी कायमचा संपणार. हे तिला माहीत होतं, सिदोनीला माहीत होतं, आणि अर्मेललाही.

दुपारी टेबलावर सूप, काळ्या पिठाची धिरडी, खारं लोणी आणि सफरचंदाची दारू मांडलेली. सिदोनी, अर्मेल, आणि अर्मेलचा धाकटा भाऊ तांगी. या तांगीने उभ्या जन्मात पलटणीचं तोंड पाहिलं नाही, म्हणून घरात लढाईवर सर्वांत जास्त तोच बोलतो. मला शेकोटीवरून उतरवून टेबलावर ठेवलं.

"हात ठेव," सिदोनी म्हणाली.

"आत्या, एक समजावून सांग. शपथ घ्यायची नाही अशी शपथ घ्यायची. म्हणजे घ्यायची की नाही घ्यायची?"

"मठात नन्स हेच शिकवतात वाटतं?" तांगी घास चावत म्हणाला. "पोरी, सूप गार होतंय. तुझ्या बाबांनी राजासाठी अख्खी कारकीर्द फेकून दिली, तुला एक डॉक्टर सोडवत नाही?"

"काका, तुम्ही काय फेकलंत? हाडकं?"

"योलांद!" सिदोनीने टेबलावर थाप मारली. "हात!"

योलांदने हात ठेवला. म्यानावर नाही. मुठीवर. आणि ओढलं.

मी हलले नाही. तीस वर्षांचा गंज होता. सिदोनी उठून उभी राहिली. "अर्मेल! तिला थांबव!"

अर्मेलही उठला. टेबलाला वळसा घालून आला, दुखऱ्या गुडघ्यांवर उभा राहिला, दोन्ही हातांनी माझं म्यान घट्ट धरलं आणि लेकीला म्हणाला, "आता ओढ."

काय सांगू! आधी करकर, मग एक झटका, आणि अंगावर ऊन! पातं डागाळलं आहे, धार गेली आहे, पण अक्षरं शाबूत आहेत. योलांदने ती मोठ्याने वाचली. एकतीस जणांपर्यंत.

"बाबा, हे खरं?"

"खरं."

"मग इतकी वर्षं..."

"माझे वडील मरत होते. त्यांनी विचारलं, मी मान हलवली." अर्मेल खुर्चीत बसला. "नंतर मान सरळ करायला जमलंच नाही. कोर्बेलच्या वडिलांनी केलं तेच मी केलं, पोरी. त्यांनी उघड केलं, एवढाच फरक. त्यांचा मुलगा माझ्या स्वयंपाकघरात जेवला, आणि मी वर बसून रस्सा प्यालो."

आणि मग तो हसला. खोकला नाही. मी त्याला अठराव्या वर्षापासून ओळखते, इतका हलका मी त्याला कधी पाहिला नव्हता. मलाही तसंच वाटतंय. मी आत्ता इथे धिरड्यांच्या शेजारी उघडी पडले आहे. माझ्या टोकाशी लोणी लागलंय. लागू दे. वाचकहो, तुमच्या घरात कुठे एखादी तलवार टांगलेली असेल, तर तिच्यावर हात ठेवण्याआधी तिला बाहेर काढून वाचा. बस्स, एवढं करा.

सिदोनीचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज तोच होता. "ती आत घाल. इथे कुणी काही वाचलेलं नाही. रविवारी पाद्रीबाबा येतील, तेव्हा त्यांच्यासमोर पुन्हा करू. सगळं नीट."

"हो हो," तांगी घाईने म्हणाला. "घरातली गोष्ट घरात. अर्मेल दादा आजारी आहे, काहीही बोलतो."

"नाही," योलांद म्हणाली. "म्यानात नाही, आणि भिंतीवरही नाही. मी हिच्यावर हात ठेवणार नाही. आज नाही, रविवारी नाही, कधीच नाही. एमिलला मी आजच लिहिते आहे, आणि तो येईल तेव्हा या टेबलावर बसेल, बाबांच्या शेजारी. ज्यांना शपथखाऊंच्या पंगतीला बसायचं नसेल त्यांनी आधी बाबांकडे बघावं, आणि मग उठावं."

सिदोनीने तांगीकडे पाहिलं. तांगीने आपल्या थाळीकडे. उठलं मात्र कुणीच नाही.