शर्टाला बरगड्या नसतात

किल्लीवाल्याच्या हिशेबानं हा आवळा देऊन कोहळा काढण्याचाच प्रकार होता. उजव्या फुप्फुसाच्या कडेला, बरगडीला खेटून कॅन्सरची गाठ. ती जाळायला किरणांच्या पाच फेऱ्या. बदल्यात उरलेलं सगळं आयुष्य आणि त्यात रोज सकाळी बायकोला स्कूटरवरून पोस्टात सोडणं. ती तिथं कारकून. एकतीस वर्षं ती मागं बसून त्याच्या उजव्या कुशीला धरत आली होती. "मी निसटेन असा संशय आहे तिला," तो गिऱ्हाइकांना सांगायचा. सुट्टीच्या दिवशी मात्र कुशीत चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं, ते सांगायचा नाही.

गाठ गेली. दीड वर्षानं फुप्फुस स्वच्छ असल्याचं कळलं, त्या दिवशी परतताना स्वारी खुशीत स्पीडब्रेकरवरून उडाली. तिनं गच्च धरलं. आत खट्ट वाजलं. खटके ऐकण्यात जन्म गेलेल्या त्या माणसाला तेव्हाच कळलं, हे उघडलेलं नाही, मोडलंय.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रेचा फोटो दाखवला. "काकू, किरणांनी तिथलं हाड ठिसूळ होतं कधीकधी, तेही वर्षा-दोन वर्षांनी. यांना नुसती शिंक आली असती तरी मोडलं असतं. जुळेल हळूहळू."

"पण शिंकले कुठं ते?" ती म्हणाली. "मी धरलं."

तिनं स्कूटरची किल्ली लपवली. किल्लीवाल्यापासून किल्ली लपवणारी ही जगातली पहिलीच बाई. दुखणं उतरल्यावर त्यानं पंधरा मिनिटांत दुसरी घासली. तरी ती बसनंच जायची. मागच्या खिडकीशी बसायची. हा पठ्ठ्या बसच्या मागं.

सिग्नलला ती खिडकीतून ओरडली, "अहो, दुकान उलट्या दिशेला आहे!"

"मागं वजन नाही, गाडी भरकटते!"

"पोतं ठेवा मग!"

"पोतं बोलत नाही गं."

बसमधल्या बायका हसल्या. तिनं काच लावून घेतली, पण मान वळवून बघत राहिली.

चौथ्या महिन्यात बरगडी जुळली. डॉक्टरीणबाईंनी स्वतः तिचा हात त्या जागेवर ठेवायला घेतला. तिनं पर्स दुसऱ्या हातात घेण्याच्या निमित्तानं तो सोडवला. घरी जायला मात्र स्कूटरवर बसली. त्यानं श्वास रोखून वाट पाहिली. कुशीला काहीच लागलं नाही.

स्पीडब्रेकर आला. त्यानं गाडी इतकी हळू केली, की शेजारून एक आजोबा चालत पुढं गेले.

"उतरून ढकलू का?" ती म्हणाली.

"धर की."

"धरलंय."

त्यानं वाकून पाहिलं. दोन बोटांच्या चिमटीत शर्टाची शिवण होती.

"हे काय?"

"शर्टाला बरगड्या नसतात."

आता हिशेब बघा. किरणांनी गाठ घेतली, तो त्यांचा हक्कच होता. बरगडी मोडली, तीही परत आली. स्पीडब्रेकरला ओरखडासुद्धा नाही. भुर्दंड भरतायत ते शर्ट: तीन शर्टांची उजवी शिवण उसवलीय. जेवणं झाली की ती ते शिवायला बसते आणि तो बनियनवर शेजारी, उजवी कूस तिच्याकडे करून. दोरा तोडायला ती वाकते, तेव्हा तिचा हात त्या कुशीपासून वीतभर अंतरावर येतो. तिथून परत जातो.